खुलासा: ‘८०२.१५.४जी’ लिहिलेले सगळे मीटर एकमेकांशी बोलतात का?

स्मार्ट मीटरवर (नोंदी बिनतारी पाठवणाऱ्या मीटरवर) ‘आयईईई ८०२.१५.४जी’ या बिनतारी संपर्काच्या मानकाचे नाव लिहिले असेल तर तो कोणत्याही कंपनीच्या नेटवर्कमध्ये चालतो, असा दावा सध्या फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि खरेदीचे निर्णय त्यावर होत असतील तर नुकसान मोठे होऊ शकते.

हे मानक २०१२ मध्ये आले. ते मुख्यतः रेडिओपुरते बोलते: लहरी कशा पाठवायच्या, कोणत्या वेगाने. मीटरने शेजारच्या मीटरमार्फत वाट कशी शोधायची, नेटवर्कमध्ये शिरताना स्वतःची ओळख कशी पटवायची, हे त्यात ठरलेले नाही. शिवाय त्यात पर्याय इतके आहेत की दोन उत्पादक दोन वेगळे पर्याय निवडून दोघेही मानकाला धरूनच राहतात.

हीच दरी भरायला उत्पादकांनी एकत्र येऊन वाय-सन अलायन्स स्थापन केली. तिच्या ‘फॅन’ (फील्ड एरिया नेटवर्क) प्रोफाइलमध्ये, म्हणजे निवडक नियमांच्या संचात, इंटरनेट पत्त्यांसाठी आयपीव्ही६, मार्ग शोधण्यासाठी आरपीएल, ठरावीक क्रमाने चॅनेल बदलणे आणि ओळख पटवण्यासाठी डिजिटल प्रमाणपत्रे हे सारे पक्के केले आहे. वेगवेगळ्या उत्पादकांची उपकरणे एकमेकांसोबत चालवून पाहिल्यावरच अलायन्सचे प्रमाणपत्र मिळते. प्रतिस्पर्ध्यांनी असे एका टेबलावर बसणे मला फार मोलाचे वाटते.

तरी प्रमाणपत्र असले म्हणजे सगळे जमले, असेही नाही. फ्रिक्वेन्सी बँड देशागणिक बदलतो. मीटरमधल्या नोंदींची भाषा, उदाहरणार्थ डीएलएमएस, हा वरचा स्वतंत्र थर आहे. तो निविदेत वेगळा मागावा लागतो.