टूडीची ॲड म्हणजे पैसे पाण्यात? चला, पाण्याचंच उदाहरण घेऊ

छोट्या कारखानदारांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी आहे (कारखाना नाही माझा, त्यांच्या ॲडचे व्हिडिओ करतो म्हणून घेतलंय), तिथे परवा तोच मेसेज परत आला, डोक्यावर दोन बाण असलेला. टूडी ॲनिमेशनमध्ये, म्हणजे सपाट चित्रं हलवून, प्रॉडक्टची ॲड करणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण एक, कार्टून पोरं बघतात, दोन, त्यात खरी वस्तू दिसत नाही मग गिऱ्हाईकाचा विश्वास कसा बसणार, तीन, व्होडाफोनच्या ॲडमधली ती पांढरी पात्रं, झूझू, चालले ते थ्रीडी होते म्हणून, आणि चार, आता तर एआय पाच मिनिटात फुकट करून देतं. खाली लगेच तीन अंगठे. मी ठाण्यात बसून हेच काम करतो, माझ्या पोटावर पाय येतोय हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको.

पोरं बघतात म्हणे. एशियन पेंट्सच्या जाहिरातीतला पोरगा, गट्टू, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढला, आता घराचा रंग काय पोरं ठरवतात का? अमूलची मुलगी १९६६ पासून आहे, राजकारण असो की क्रिकेट, टोमणा मारतेच, आणि तो कळायला पेपर वाचलेला असावा लागतो. ही मुळात छापील चित्रं, हलणारी नाहीत, मान्य. पण चित्र दिसलं की मोठी माणसं तोंड फिरवतात हे कुठून काढलं?

झूझूंचं तर हसूच आलं. २००९ ची आयपीएल, दक्षिण आफ्रिकेत झालेली, तेव्हा व्होडाफोनने ते आणले. ते थ्रीडी नव्हते. टूडीपण नव्हते. ती आत शिरलेली खरी माणसं होती हो, पांढरे ढगळ सूट घातलेली, आणि शूटिंग झालं केप टाउनला! मागे सपाट राखाडी पडदा, तोंडावर दोन ठिपके आणि एक रेघ. म्हणजे ज्या उदाहरणावर हा मेसेज उभा आहे तिथे जिवंत माणसांना चित्रासारखं दाखवायला घाम गाळलाय.

आता वस्तू दिसत नाही हा मुद्दा. रबाळे एमआयडीसीतले एक काका आहेत, टाकीचा ऑटोमॅटिक कंट्रोलर बनवतात, वरची टाकी भरली की मोटर बंद आणि खालची रिकामी झाली तरी बंद, म्हणजे मोटर कोरडी चालून जळत नाही. याचं शूटिंग करून दाखवणार काय? भिंतीवर एक डबी आणि त्यात हिरवा दिवा. खरी गंमत टाकीच्या आत आणि पाइपात. काकाच म्हणाले, "अरे, टाकीत कॅमेरा बुडवू का मी?" मग चित्रात अख्खी बिल्डिंग केकसारखी उभी कापली, निळं पाणी पाइपातून वर चढतं, फ्लोट (पाण्यावर तरंगणारा गोळा) उचलला जातो, खट्, मोटर थांबते. २० सेकंद, आणि लोकलमध्ये आवाज बंद करून बघणाऱ्यालाही कळेल असं. पण पहिला कट काकूंनी बघितला आणि विचारलं, "हा फ्लशचा टँक आहे का?" मी टाकी छान पांढरी, चौकोनी काढली होती ना! मग ती काळी गोल केली, बाजूला दोरीवर दोन चादरी वाळत घातल्या, झाली गच्ची, काकूंना दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. आणि शेवटचे चार सेकंद खऱ्या डबीचा फोटो टाकलाच, दुकानात मागताना ओळखता आली पाहिजे. चित्र आणि फोटो एकाच ॲडमध्ये नांदतात, कोणी कोणाला बाहेर काढत नाही.

हां, सगळीकडे टूडी चालतं असं मी म्हणणार नाही. मामलेदारच्या मिसळीची तर्री मी कितीही लाल रंगवली तरी तोंडाला पाणी सुटणार नाही, तिथे कॅमेराच. पैठणीचंही तसंच. आणि कार्टून आहे म्हणून काहीही फेकायची मुभा नाही, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर केंद्राची २०२२ ची नियमावली आहे, ती चित्रातल्या दाव्यालाही लागतेच.

राहिलं एआय. सेकंदाला २४ फ्रेम, तर २० सेकंद म्हणजे ४८० फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी २४० चित्रं, आता रिग, म्हणजे चित्राच्या आत सांगाडा, बांधून हातपाय हलवतो म्हणून सगळी नव्याने काढावी लागत नाहीत पण वेळ जातोच, तो वाचत असेल तर मला हवाच आहे, बॅकग्राउंडच्या कच्च्या आयडिया मीपण त्यातून काढतो. काकांच्या भाच्याने हाच व्हिडिओ एआयवर करून आणला होता. दिसायला चकाचक, माझ्यापेक्षा चकाचक. फक्त कंट्रोलरला सुरुवातीला तीन वायरी होत्या आणि मोटर चालू होईपर्यंत त्या पाच झाल्या, शिवाय एक सरळ पाण्यात गेलेली. काकांचं अर्धं गिऱ्हाईक इलेक्ट्रिशियन. काकांनी तो व्हिडिओ दोनदा बघितला, चष्मा कपाळावर सरकवला आणि भाच्याला विचारलं, "ही कुठे जोडू, सांग."