बातमी आहे, पण सांगणार नाही!

बँकॉकमध्ये रोज सकाळी चहाबरोबर बातम्या उघडतो आणि डोकं फिरतं. कलम ११२ खाली राजघराण्याच्या अवमानाबद्दल अमक्याला शिक्षा. बरं, तो बोलला काय? ते छापायचं नाही! छापणाराही त्याच कलमात अडकायचा, ३ ते १५ वर्षं. म्हणजे शिक्षा कळते, गुन्हा नाही.

खुनाबिनाच्या संशयिताची मात्र कुणाला भीड नाही. खटला उभा राहायच्या आधीच पोलिसांनी त्याला हेल्मेट घालून गुन्ह्याच्या जागेवर न्यायचं, ‘इथंच मारलं’ म्हणून बोट दाखवायला लावायचं, भोवती कॅमेऱ्यांची जत्रा. टीव्हीवर सिनेमातली सिगरेट तेवढी इमानदारीत धूसर करून झाकतात!

मी परका, मला काय करायचंय म्हणा. पण अर्धी बातमी वाचून चहा गार होतो हो, रोज.