बेघर माणसाला दहा संस्था भेटतात, घर मात्र मिळत नाही

बेघर लोकांचा विषय निघाला की चर्चा दोनच वाटांनी जाते. एक म्हणजे सरकार काही करत नाही, आणि दुसरी म्हणजे यांनाच काम करायला नको. दुसऱ्या वाटेने मी जाणारच नाही, कारण नोकरी गेली, मोठं आजारपण आलं, घरात फाटलं, यातल्या दोन गोष्टी एकदम झाल्या तर आपलं स्वतःचं घर किती महिने टिकेल याचा हिशोब ज्याने त्याने मनात करून बघावा. पण पहिल्या मुद्द्यावर मला बोलायचंय, कारण कुणी काहीच करत नाही हे खरं नाहीये, खूप लोक खूप काही करतात, फक्त एकमेकांना न सांगता करतात.

म्हणजे कसं होतं बघा. पुलाखाली झोपणाऱ्या एका माणसाला एका रात्रीत तीन ग्रुप तीन ब्लँकेटं देऊन जातात आणि फोटो काढून जातात. पायाला जखम झाली म्हणून तो हॉस्पिटलात जातो, तिथे पट्टी होते, गोळ्या मिळतात आणि डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं ‘विश्रांती घ्या, जखम कोरडी ठेवा’. कुठे घेणार विश्रांती? आठवड्याने जखम चिघळते, तो परत तिथेच, नवीन डॉक्टर, नवीन केसपेपर. शेल्टरवाले म्हणतात आयडी दाखवा, आयडीच्या ऑफिसात विचारतात पत्ता काय, पोलीस म्हणतात इथून उठा, आणि उठताना सामानाची पिशवी गेली की होते नव्हते ते कागदही जातात आणि सगळं परत पहिल्यापासून. यात वाईट माणूस कोणीच नाहीये. प्रत्येक जण आपापलं काम करतोय, पण हा माणूस रस्त्यावरून घरात जावा हे काम कुणाच्याच नावावर लिहिलेलं नाही.

म्हणून मला ह्यूस्टनचं उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेतलं हे मोठं शहर, तिथेही असंच चाललेलं, प्रत्येक संस्थेची वेगळी यादी, वेगळे नियम. तिथल्या एका माजी सैनिकाला रस्त्यावरून कायमच्या घरात जायला 76 पायऱ्या पार कराव्या लागायच्या आणि त्याला 720 दिवस लागायचे. दोन वर्षं! आणि हा सैनिक, ज्याच्याबद्दल सगळ्यांनाच आदर असतो, मग बाकीच्यांचं काय. 2011-12 च्या सुमाराला महापौर ॲनिस पार्कर यांच्या काळात शहर, काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा), हॉस्पिटलं, चर्च, सामाजिक संस्था, घरमालक असे सगळे एका छत्रीखाली आले. ‘द वे होम’ असं त्या कामाचं नाव, शंभराच्या वर संस्था त्यात. सगळ्यांची माहिती एकाच सिस्टीममध्ये, माणूस कुठल्याही दारातून आत आला तरी त्याची चौकशी एकाच पद्धतीने होणार आणि कुणाला घर आधी द्यायचं हे ओळखीवर नाही तर गरजेवर ठरणार. ते 720 दिवस 32 वर आले आणि पहिल्या दहा वर्षांत 25,000 हून जास्त लोक थेट घरात गेले. पैसा लागलाच, पण पैसा असूनही आधी ते होत नव्हतं हे विसरून चालणार नाही.

यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे नावानिशी यादी. आपल्याकडे आकडा असतो, शहरात इतके इतके बेघर, आणि आकड्याबद्दल हळहळण्यापलीकडे काही करता येत नाही. पण यादीत नाव असलं, त्याला दमा आहे, तो अमुक चौकात झोपतो, त्याची बहीण आहे पण बोलणं बंद आहे, त्याचा फक्त जन्मदाखला अडलाय, असं समोर आलं की सगळ्या संस्थांच्या मीटिंगला बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतं दाखल्याचं मी बघतो. दुसरी म्हणते माझ्याकडे एक खोली पुढच्या महिन्यात रिकामी होतेय. हॉस्पिटलची सोशल वर्कर सांगते तो परवाच ॲडमिट झालाय, डिस्चार्जच्या आत काहीतरी करा. हे दर आठवड्याला, तेच लोक, तीच यादी, मागच्या वेळी कुणी काय कबूल केलं होतं ते आधी वाचून. कंटाळवाणं काम आहे. पण अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डसारख्या छोट्या शहराने अशाच यादीवर काम करून आधी माजी सैनिकांचं आणि मग 2017 पर्यंत वर्षानुवर्षं रस्त्यावर असलेल्यांचं बेघरपण जवळजवळ शून्यावर आणलं. शून्य म्हणजे कुणी कधी बेघर होणारच नाही असं नाही, झाला तर लगेच कळतं आणि लगेच घर मिळतं.

घर आधी की सुधारणा आधी यावर लोक फार भांडतात. आधी दारू सोड, आधी औषधं नीट घे, मग घर बघू, ही जुनी पद्धत. 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञांनी हे उलटं केलं, आधी घर, मग लागेल ती मदत, आणि ते चाललं. आणि का चालणार नाही, रात्री चप्पल चोरीला जाऊ नये म्हणून जागा राहणारा माणूस सकाळी गोळ्या वेळेवर कशा घेईल? पण हे एकट्या संस्थेला झेपत नाही, घर एकाकडे असतं, डॉक्टर दुसऱ्याकडे, भाड्याचा पैसा तिसऱ्याकडे. फिनलंडमध्ये 1985 मध्ये बेघरांना घरं देणारं वाय-फाउंडेशन उभं राहिलं तेव्हा त्यात मोठी शहरं, चर्च, रेडक्रॉस, बांधकाम क्षेत्रातले मालक आणि कामगार संघटना असे सगळे होते. बघा ना, घरं बांधणारेच मीटिंगच्या टेबलावर! पुढे 2008 पासून फिनलंडने शेल्टरचीच घरं करायला घेतली, हेलसिंकीत साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचं 250 खाटांचं शेल्टर होतं तिथे 81 छोटे फ्लॅट झाले. स्वतःचं कुलूप, स्वतःची किल्ली. 1980च्या दशकात फिनलंडभर 18,000 च्या आसपास बेघर होते, 2023 मध्ये साडेतीन हजारांच्याही खाली आले.

आणि हेही सांगायलाच हवं की 2024 मध्ये तिथला आकडा परत थोडा वाढला, त्याच सुमाराला सरकारने घरभाड्याच्या मदतीला कात्री लावलेली. म्हणजे संस्थांनी कितीही हातात हात घातले तरी परवडणारी घरंच नसतील आणि सरकार अंग काढून घेणार असेल तर ते हात रिकामेच राहतात. भागीदारी या गोंडस नावाखाली सरकारने आपली जबाबदारी एनजीओंच्या गळ्यात घालायची, हे मला अजिबात मान्य नाही.

घरमालकांबद्दल थोडं. त्यांना नुसतं माणुसकी दाखवा म्हणून भागत नाही. त्यांना भीती असते, भाडं बुडेल, नुकसान होईल, शेजारी तक्रार करतील. भाड्याची हमी, नुकसानभरपाईचा फंड आणि रात्री अकरा वाजता फोन उचलणारा एक माणूस, एवढं दिलं तर बरेच जण तयार होतात. शेजाऱ्यांचंही तसंच, आधी विश्वासात घेतलं तर विरोध बराच मावळतो, परस्पर ठरवलं तर भडकतो.

आता या सगळ्यात एक माणूस असा लागतो जो यादी अपडेट ठेवतो, मीटिंग बोलावतो, दोन संस्थांचं वाजलं तर समजूत घालतो, डेटा कुणाला दिसावा आणि कुणाला नाही हे सांभाळतो (बेघर माणसाची आजारपणं दहा जणांनी वाचायची तर त्याची परवानगी हवीच हवी). या माणसाच्या पगाराला कुणी देणगी देत नाही. ब्लँकेटला देतात, जेवणाला देतात, कारण ते दिसतं. कंपन्यांचे फंडही तिकडेच जातात, वर ॲडमिनिस्ट्रेशनचा खर्च कमी दाखवा म्हणून अट. तुम्ही कुठल्या संस्थेला पैसे देत असाल, ट्रस्टवर असाल, ऑफिसच्या सीएसआर (कंपनीचा समाजकार्याचा निधी) टीममध्ये असाल, तर पुढच्या वेळी किती ब्लँकेटं वाटली हे विचारण्याआधी शहरातल्या बाकीच्या संस्थांबरोबर तुमची यादी एक आहे का, नसेल तर ती करायला काय खर्च येईल हे विचारा, आणि तो खर्च द्या.