टुरिस्ट व्हिसावर जपानला जाऊन इंग्रजी शिकवता येत नाही

"जपानला हजारो इंग्रजी शिक्षक हवेत! डिग्रीची अट नाही. पगार महिना तीन लाख, घर फुकट. दिवसाला फक्त चार तास काम. जपानी भाषेची गरज नाही. टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर वर्क व्हिसा करून मिळेल. भारतीयांना प्राधान्य. सीओई फी अडीच लाख, जागा मोजक्याच."

हा मजकूर मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतो आहे. माझ्याकडे तो नाशिकच्या भाचीने पाठवला. तिचं इंग्रजीत एम.ए. झालं आहे, ती एका क्लासमध्ये शिकवते. तिच्या बाबांनी एफडी मोडायचं ठरवलं होतं. "मावशी, तू तिथेच शिकवतेस ना, हे खरं आहे का एकदा बघ," एवढंच तिने लिहिलं होतं. मी शिझुओका प्रांतातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक आहे. इथे या नोकरीला एएलटी म्हणतात. आता हा मजकूर खोटा आहे हे एकेकाला वेगवेगळं समजावत बसण्याइतका धीर माझ्यात उरलेला नाही, म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहिते.

सुरुवात टुरिस्ट व्हिसापासून करते, कारण बाकीच्या थापांनी पैसे बुडतील, पण या एका थापेने माणूस परदेशात गुन्हेगार ठरतो.

जपानच्या इमिग्रेशन कायद्याचं विसावं कलम निवासाचा दर्जा, म्हणजे इथे कशासाठी राहायची परवानगी आहे ते, बदलण्याबद्दल आहे. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की जो अल्पकालीन भेटीच्या दर्जावर आला आहे, त्याला टाळता न येणारं विशेष कारण असल्याशिवाय दर्जा बदलून द्यायचा नाही. "मला नोकरी मिळाली" हे तसं कारण नव्हे. यात एक अर्धसत्य आहे, तेही सांगून टाकते. अमेरिका-ब्रिटनमधून व्हिसाशिवाय आलेली काही मंडळी इथे फिरता फिरता मुलाखती देतात, कंपनीकडून पात्रतेचं प्रमाणपत्र मिळवतात आणि मग दर्जा बदलून घेतात. असे अनुभव इंग्रजीत भरपूर लिहिले गेले आहेत आणि एजंट तेच दाखवतात. पण तिथेही आधी नोकरी, मग प्रमाणपत्र, मग दर्जा आणि शेवटी काम, हाच क्रम असतो. आणि त्या लोकांना यायला व्हिसा लागत नाही. आपल्याला लागतो, आणि त्या अर्जात "पर्यटन" असं आपण स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं असतं.

समजा, कोणी आलंच. पुढे काय होतं ते एजंट सांगत नाही. इथे दीर्घकाळ राहायला आलेल्या माणसाला झाइर्यू कार्ड मिळतं, म्हणजे निवासाचं ओळखपत्र. पर्यटकाला ते मिळत नाही. ते कार्ड नाही म्हणून नगरपालिकेत पत्त्याची नोंद होत नाही. नोंद नाही म्हणून बँकेत खातं उघडत नाही, आणि कार्डाशिवाय रीतसर भाड्याचं घरही मिळत नाही. कुठलीही सरकारी शाळा किंवा शिक्षणमंडळ कार्ड पाहिल्याशिवाय कामावर घेणार नाही. मग उरतो तो रोखीने पैसे देणारा मालक, कुठल्या तरी मागच्या खोलीतलं काम आणि "पोलिसांना सांगेन" ही धमकी. पकडलं गेलं तर हकालपट्टी, आणि त्यानंतर साधारणपणे पाच वर्षं जपानची दारं बंद. वय चोवीस-पंचवीस असलेल्या मुलीच्या पासपोर्टवर हा डाग बसवायला अडीच लाख मागतात, याचा मला संताप येतो.

आता ती "सीओई फी". सीओई म्हणजे सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, वर म्हटलेलं पात्रतेचं प्रमाणपत्र. नोकरी देणारी संस्था जपानमधल्या इमिग्रेशन कार्यालयात तुमच्या वतीने अर्ज करते आणि या अर्जाला सरकारी शुल्क नाही. व्हिसाची फी वेगळी असते, पण ती अडीच लाखांच्या जवळपासही जात नाही. शिवाय जपानच्या कायद्यानुसार नोकरी मिळवून देणाऱ्या संस्थेला, मोजके अपवाद सोडले तर, उमेदवाराकडून पैसे घेताच येत नाहीत. भारतात परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि त्याने किती सेवाशुल्क घ्यायचं याला सरकारी मर्यादा आहे. ती हजारांत आहे, लाखांत नाही. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. भाचीला ज्याने फोन केला होता, त्याने नोंदणी क्रमांक विचारताच विषय बदलला.

"डिग्रीची अट नाही" हे तर सरळ खोटं आहे. मात्र डिग्रीपेक्षा मोठी एक अट आहे, ती मराठी घरांना कोणी सांगत नाही. सरकारी शाळेत सहायक शिक्षकाला "शिक्षण" हा निवासाचा दर्जा लागतो. तो कोणाला द्यायचा याचे निकष न्याय मंत्रालयाच्या १९९० च्या नियमावलीत आहेत. परदेशी भाषा शिकवायची असेल तर त्याच भाषेच्या माध्यमातून किमान बारा वर्षं शिक्षण झालेलं असावं, असं त्यात लिहिलं आहे. भाषा विषय म्हणून शिकलेला असणं पुरत नाही, माध्यम तेच हवं. भाची दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. अकरावीपासून एम.ए.पर्यंत मोजलं तरी सातच वर्षं भरतात. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे हे मी तिच्या आईसमोरही म्हणते, पण इमिग्रेशनच्या टेबलावर कागद बोलतो. मी पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकले, तरी मला शाळेपासूनचे माध्यमाचे दाखले गोळा करून द्यावे लागले होते.

खासगी इंग्रजी संभाषण वर्ग, ज्यांना इथे एइकाइवा म्हणतात, त्यांचा दर्जा निराळा असतो. तिथे पदवी मुख्य असते, बारा वर्षांची ही अट नसते. मराठी माध्यमातल्या मुलांनी तो मार्ग जरूर तपासावा. पण तिथले मालक स्वतःच्या अटी घालतात, आणि काही जाहिरातींत अजूनही "नेटिव्ह" हवा असं लिहिलेलं असतं. म्हणजे "भारतीयांना प्राधान्य" कुठेही नाही. योगेंद्र पुराणिकांचं नाव घेऊन मला उत्तरं देणारेही भेटले. ते २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले, याचा मलाही अभिमान आहे. पण ते इथे आधी विद्यार्थी म्हणून आले, मग वर्षानुवर्षं आयटी आणि बँकिंगमध्ये राबले, आणि त्यांचं जपानी अस्खलित आहे. टुरिस्ट व्हिसावर येऊन कोणी पुराणिक होत नाही.

पगाराबद्दल. "तीन लाख" हा आकडा खरा आहे, पण येनमध्ये. येन हल्ली साठ पैशांच्या आतबाहेर आहे, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. चांगला पगार मिळतो तो जेट कार्यक्रमात, म्हणजे परदेशी तरुणांना शाळांत सहायक शिक्षक म्हणून बोलावणाऱ्या योजनेत. १९८७ पासून जपान सरकार आणि स्थानिक संस्था मिळून तो चालवतात. तिथे पहिल्या वर्षाला आता सुमारे ४० लाख २० हजार येन मिळतात, म्हणजे महिन्याला ३ लाख ३५ हजार, आणि त्यातून कर, पेन्शन, आरोग्यविमा कापला जातो. कंत्राटी कंपन्यांमार्फत शाळेत जाणाऱ्यांना यापेक्षा बरंच कमी मिळतं, आणि ऑगस्टच्या सुट्टीत पगार कापणाऱ्या कंपन्याही आहेत. घर फुकट नसतं. काही गावांत शिक्षकांसाठी स्वस्त क्वार्टर असतात, पण बहुतेक ठिकाणी अनामत, घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी भेटरक्कम आणि हमी कंपनीचे पैसे सुरुवातीलाच मोजावे लागतात. दुसऱ्या वर्षी जूनपासून रहिवासी कर सुरू होतो, तेव्हा हातात येणारी रक्कम आणखी कमी होते.

चार तास काम? रोज चारेक तासिका असतात, पंचेचाळीस मिनिटांच्या, इतकं खरं. पण शाळेत सकाळी सव्वाआठला हजर राहायचं आणि चारच्या पुढे निघायचं. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय आहे, वर्षाला ७० तासिका, आणि तिसरी-चौथीला ३५. जपानी शिक्षक परवाना नसलेल्या एएलटीला वर्गाची जबाबदारी एकट्याने घेता येत नाही. वर्गशिक्षकाबरोबर शिकवायचं, म्हणजे त्यांच्याबरोबर पाठ आखायचा, चित्रकार्डं करायची, वह्या तपासायच्या. दुपारी मुलांबरोबर जेवायचं, त्यांच्याबरोबर फरशी पुसायची. मला हे सगळं मनापासून आवडतं. पण चार तासांत मोकळं होण्याच्या हिशेबाने येणारा माणूस पहिल्या महिन्यातच चिडेल, आणि मुलांना ते लगेच कळतं.

जपानी येत नसलं तरी नोकरी मिळते, हा त्या मजकुरातला एकमेव बराचसा खरा मुद्दा. जेटच्या एएलटीला जपानी यायलाच हवं अशी अट नाही. पण शिक्षकांच्या खोलीतली सकाळची सभा जपानीत, नगरपालिकेची पत्रं जपानीत, कचरा कोणत्या दिवशी कुठला टाकायचा तेही जपानीत. आणि जेवण. भाची शाकाहारी आहे. शाळेच्या जेवणात भाजीचं सूप दिसलं तरी त्याचा अर्क बहुधा वाळवलेल्या माशाचा असतो. महिन्याच्या जेवणाचा तक्ता वाचता आला नाही, किंवा "मी डबा आणीन" हे मुख्याध्यापकांना नीट सांगता आलं नाही, तर रोज ताट पुढे ठेवून उपाशी बसायची वेळ येते.

ज्यांना खरंच यायचं आहे त्यांच्यासाठी जेटचा अर्ज दिल्लीतल्या जपानी दूतावासामार्फत होतो. अर्जाला फी नाही, पदवी हवी, आणि निवड झाली तर येण्याचं विमानभाडंही मिळतं. भारतातून निवड फार थोड्यांची होते, हे धरूनच अर्ज करा. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी माध्यमाच्या वर्षांचा प्रश्न दूतावासाला आधीच लेखी विचारावा.

भाचीच्या बाबांनी एफडी मोडलेली नाही. पण त्याच ग्रुपवरच्या दोघांनी "बुकिंग अमाउंट" भरल्याचं तिने सांगितलं. त्यांनी आणि तुमच्यापैकी ज्यांनी पैसे पाठवले आहेत त्यांनी आजच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि एजंटचे मेसेज जपून ठेवा, आणि मुंबईतल्या उत्प्रवासी संरक्षकाच्या (प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स) कार्यालयात लेखी तक्रार द्या. पासपोर्ट एजंटकडे दिला असेल तर तो आधी परत घ्या.