"व्हॉल्व आता स्वतःच्या टिश्यूचा, गोळ्या फेकून द्या" हा मेसेज फिरवू नका

परभणी, हिंगोली, लातूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज लई फिरतोय. त्यात लिहिलंय की जपानी डॉक्टरांनी पेशंटच्याच टिश्यूपासून हृदयाचा व्हॉल्व बनवायचा शोध लावला, छाती उघडावी लागत नाही, तो जन्मभर टिकतो, कुठलाही व्हॉल्व बनतो, म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या आजच बंद करा. आपल्याकडं घरटी नसले तरी गावोगावी व्हॉल्वचे पेशंट आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

जपानी डॉक्टर खरे आहेत. टोकियोच्या तोहो विद्यापीठात डॉ. शिगेयुकी ओझाकी यांनी २००७ मध्ये हे ऑपरेशन सुरू केलं आणि काम खरंच भारी आहे, त्याबद्दल वादच नाही.

पण छाती न उघडता? अहो, टिश्यू येतो कुठून ते तरी बघा. हृदयावर पातळ पडद्यासारखं आवरण असतं, पेरिकार्डियम, त्याचा साधारण तळहाताएवढा तुकडा कापून घेतात, ग्लुटाराल्डिहाईड नावाच्या केमिकलमध्ये १० मिनिटं ठेवतात, मग सलाईनमध्ये तीनदा धुतात. हृदय-फुप्फुसाचं काम तेवढा वेळ हार्ट-लंग मशीनवर टाकून, हृदय थांबवून व्हॉल्वच्या खराब पाकळ्या काढतात, प्रत्येक पाकळीच्या जागेचं माप सायझरनं घेतात, त्या मापाच्या साच्यावरून तीन नव्या पाकळ्या कापतात आणि टाका-टाका करून आत शिवतात. हे सगळं छाती उघडूनच होतं.

"स्वतःचं मांस म्हणून जिवंत राहतं, वाढतं" असंही खाली जोडलेलं आहे. केमिकलमधून काढलेला तुकडा जिवंत नसतो, तो वाढत नाही. वाढतो तो रॉस ऑपरेशनमधला व्हॉल्व, डोनाल्ड रॉस यांनी १९६७ मध्ये पेशंटचाच पल्मोनरी (फुप्फुसाकडं रक्त जाण्याच्या वाटेवरचा) व्हॉल्व काढून एऑर्टिक (शरीराला रक्त जाण्याच्या वाटेवरच्या) व्हॉल्वच्या जागी बसवला होता, लहान लेकरांसाठी त्याचा विचार होतो तो त्यामुळंच. दोन्ही ऑपरेशनची खिचडी करून मेसेज बनवलाय.

जन्मभर टिकण्याचं म्हणाल तर ओझाकींच्याच टीमनं २०१८ मध्ये ८५० पेशंटचा हिशोब छापला. रिझल्ट चांगले, पण सगळ्यात लांबचा फॉलोअप ११८ महिन्यांचा, म्हणजे पुरी दहा वर्षंही नाहीत, आणि पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण ४.२ टक्के. यावरून जन्मभराची गॅरंटी कोण देणार?

कुठलाही व्हॉल्व हे तर साफ चूक. ओझाकींची पद्धत एऑर्टिक व्हॉल्वसाठी आहे. लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून जो रुमॅटिक ताप येतो त्यात जास्त करून मायट्रल (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधला) व्हॉल्व बिघडतो, आणि त्याची रचना पार वेगळी, खालून दोऱ्यांनी हृदयाच्या स्नायूला बांधलेली. काहींचा मायट्रल रिपेअर होतो, काहींचा बदलावाच लागतो, ते इको बघून सर्जन ठरवतात.

आता गोळ्या. माझा खरा राग इथंच आहे. ओझाकी ऑपरेशन झालेल्याला बाकी कारण नसेल तर जन्मभर वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, लागत नाही, हे बरोबर. पण तुमच्या छातीत जो मेटलचा व्हॉल्व आधीच बसलाय त्याला ही सूट कामून मिळेल? त्याच्यावर रक्ताची गुठळी धरते, व्हॉल्वची उघडझाप करणारी डिस्क अडकते, नाहीतर गुठळी सुटून मेंदूत जाते आणि लकवा मारतो. गोळी थांबवल्यावर काही दिवसांतही हे होऊ शकतं. मला माहितीय आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) तपासायला खेड्यातून तालुक्याला, कधी जिल्ह्याला जावं लागतं, मजुरी बुडते, गोळीचा डोस दरवेळी बदलतो, माणूस कंटाळतो आणि असल्या मेसेजवर विश्वास बसतो. पण मायट्रलला मेटल व्हॉल्व असेल तर आयएनआर बहुतेक वेळा २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगतात, आणि ते गोळीशिवाय होत नाही.

कुणी मेसेज वाचून ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन बंद केली असेल तर आजच्या आज डॉक्टरला फोन लावा, किती दिवस सुटली ते खरं सांगा, आयएनआर करा, भरपाई म्हणून मनानं डबल डोस घेऊ नका. दम लागत असेल, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, किंवा व्हॉल्वची नेहमीची टिकटिक ऐकू येईना झाली तर फोनवर थांबू नका, १०८ ला बोलवा.