उजव्या कोपऱ्यातला ठिपका

थिएटरचा ऑपरेटर म्हणजे रोज फुकटात पिच्चर बघणारा नशीबवान माणूस, असं लोकांना वाटतं. आमच्या सासरेबुवांनाही तसंच वाटलं होतं, म्हणून तर लग्न जमलं. प्रत्यक्षात बार्शीच्या एका थिएटरात मी 32 वर्षं पिच्चर दाखवले आणि बघितला म्हणाल, तर फक्त ठिपका.

दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटांत संपतं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जातो. तो दिसला की पुढचं रीळ लावून ठेवलेल्या दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका. तो दिसला की इकडचं झाकायचं, तिकडचं उघडायचं. सेकंदाला 24 चित्रं सरकतात आणि ठिपका असतो त्यातल्या चारांवर. शिंक आली की गेला! मग पडदा पांढराफटक आणि खालून आरोळी, "ए ऑपरेटर, झोपला का रं?" त्यामुळे हिरॉइन पावसात भिजो, नाहीतर हिरोची आई जिन्यावरून गडगडत येवो, माझा डोळा उजव्या कोपऱ्यात.

केबिनमधल्या उन्हाळ्याचं तर काय सांगावं. दिव्याच्या पेटीत कार्बनच्या दोन कांड्या तोंडाला तोंड लावून जळायच्या. जळता जळता आखूड व्हायच्या, मधली फट वाढायची, की चाक फिरवून त्यांना पुन्हा जवळ आणायचं. हे विसरून बिडी पेटवली, की काश्मीरच्या बर्फात हिरॉइनला कावीळ. खाली पब्लिकला पंखे, वर मी बनियनवर, आणि त्या दोन कांड्यांचं लग्न टिकवतोय.

पण माझी खरी अब्रू गेली ती भिंगापायी. सिनेमास्कोपच्या फिल्मवर माणसं अंग चोरून उभी असतात, पुढचं खास भिंग त्यांना ताणून पुन्हा रुंद करतं. आधी दाखवायची सरकारी डॉक्युमेंटरी मात्र साध्या मापाची, तिला ते भिंग चालत नाही. एकदा ते काढायचं राहिलं. पडद्यावर दुष्काळी भागाच्या दौऱ्यावर आलेले मंत्री असे काही रुंद झाले, की दुष्काळ कशानं पडला ते स्टॉलमधल्या पब्लिकला न सांगता कळलं. टाळ्या, शिट्ट्या! मालक धापा टाकत वर आले, "काढ आधी ते!" मी काढलं. इतकं घाबरून काढलं, की पिच्चर सुरू झाला तरी ते माझ्या मांडीवरच. ज्याला बघून बाया पदर तोंडाला लावायच्या तो पहिलवान व्हिलन शेवग्याच्या शेंगेसारखा चालत आला. त्या आठवड्यात मालकांनी मला पगार दिला, पण माझ्याकडं न बघता.

पुढं पिच्चर उपग्रहावरून यायला लागला. रिळांच्या पेट्या गेल्या, ठिपके गेले. मालकांचा पुतण्या माउस दाबायचा आणि मी स्टुलावर बसून कोपऱ्याकडं बघायचो. मग थिएटरही गेलं. आता तिथं मंगल कार्यालय आहे.

सध्याचा छळ घरचा आहे. दुपारी टीव्हीवर जुना पिच्चर लागला, की शेजारी बसून तो सबंध बघायचा, ही हिची 32 वर्षांची थकबाकी. पण जुन्या प्रिंटवरून घेतलेल्या पिच्चरमधे अजून ते ठिपके असतात. ठिपका चमकला, की माझा हात आपोआप उजवीकडं जातो. तिकडं चहा असतो. आजवर चार कप फुटले. "ती का रडतेय, सांगा बरं?" हिनं परवा परीक्षा घेतली. मी म्हटलं, "कोण रडतंय?" तेव्हापासून ही माझ्या डाव्या बाजूला बसते आणि चहा स्वयंपाकघरातच प्यायला लावते.

गेल्या महिन्यात त्या कार्यालयात भाच्याचं लग्न होतं. केबिनची दोन चौकोनी भोकं भिंतीत अजून तशीच. आम्ही बसलो होतो ती जागा पूर्वीच्या बाल्कनीची, असं मी हिला सांगत होतो. शेवटची मंगलाष्टका संपत आली, सगळ्यांनी अक्षता उचलल्या आणि फट्‌दिशी लाइट गेली. क्षणभर शांतता. मग मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी म्हातारा ओरडला, "ए ऑपरेटर, झोपला का रं?"

सगळं कार्यालय हसलं. हिनं माझा शर्ट धरला तेव्हा मी, मुठीतल्या अक्षतांसकट, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होतो.