"पॅनल हिरवा दिसला की काम झालं"? नाही हो!

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की फायर अलार्म म्हणजे लो व्होल्टेजची साधी वायरिंग, लाइट-पंख्याचं काम करणारा कुठलाही इलेक्ट्रिशियन डिझाइनसकट करून देतो, वेगळा डिझायनर म्हणजे फुकटचा खर्च, आणि पॅनलवर (म्हणजे अलार्मच्या कंट्रोल बॉक्सवर) हिरवा दिवा लागला की विषय संपला.

आधी ती "साधी वायरिंग" बघू. लाइटच्या लाइनीतून मधेच कुठूनही टॅप मारला तरी दिवा लागतोच, त्यामुळे हाताला तीच सवय असते. पण कन्व्हेन्शनल पॅनल (झोनवार चालणारा साधा प्रकार) काय करतो, तर झोनच्या, म्हणजे इमारतीच्या एकेका भागाच्या, वायरीतून सतत थोडासा करंट सोडून शेवटच्या डिटेक्टरवरचा एंड-ऑफ-लाइन रेझिस्टर (लाइनीच्या टोकाला बसवलेला छोटा रोधक) जागेवर आहे ना ते बघत बसतो, वायर तुटली की फॉल्ट दाखवतो. आता तुम्ही मधूनच टी काढून दोन डिटेक्टर लटकवले तर ती फांदी त्याला दिसतच नाही, तिथली वायर निघाली तरी पॅनल आपला हिरवाच. वायर न कापता नुसती सोलून स्क्रूखाली दाबली तरी तेच, डिटेक्टर सुटला तरी लाइन अखंड. आणि रेझिस्टर थेट पॅनलमध्येच बसवून मोकळे होणारे महाभागही आहेत, मग बाहेरची अख्खी वायर तुटली तरी पॅनलला पत्ता नाही! म्हणजे हिरव्या दिव्याचा मुद्दा इथेच निकालात निघाला.

बरं, "डिझाइन म्हणजे काय, छताला डिटेक्टरच लावायचे ना"? एसीच्या झोतासमोर लावला तर धूर त्याच्यापर्यंत पोचायलाच उशीर होतो, किचनमध्ये स्मोक डिटेक्टर लावला तर फोडणी दिली की बोंब, मग कोणीतरी वैतागून तो काढूनच ठेवतं (तिथे हीट डिटेक्टर लागतो). अमेरिकेचा एनएफपीए ७२ हा फायर अलार्मचा कोड झोपायच्या खोलीत उशीपाशी निदान ७५ डेसिबल आवाज मागतो, वीज गेली तर बॅटरीवर सिस्टीम २४ तास जागी राहून त्यानंतर ५ मिनिटं अलार्म वाजायला हवा म्हणतो. हा हिशोब प्रत्येक डिव्हाइसचा करंट धरून करावा लागतो, अंदाजपंचे नाही.

म्हणून इलेक्ट्रिशियन नुसता हरकाम्या ठरत नाही, उलट. ड्रॉइंगमधल्या जागी डक्ट आडवा आला तर डिटेक्टर परस्पर सरकवायचा नाही, डिझायनरला विचारायचं आणि बदल ॲज-बिल्टमध्ये (प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या ड्रॉइंगमध्ये) चढवायचा, ही त्याचीच जबाबदारी.

आणि ताबा घेताना इलेक्ट्रिशियनला तुमच्यासमोरच प्रत्येक झोनमधले सगळे डिटेक्टर एकेक करून बेसमधून फिरवून काढायला सांगा, दरवेळी पॅनलवर फॉल्ट यायलाच पाहिजे. नाही आला तर पेमेंट थांबवा.